आवा कुंभाराचा, मान ‘पॉटर’चा

‘स्टुडिओ पॉटर’ हा शब्द आता मराठी वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतही रुळला आहे. महानगरातील एखाद्या कलादालनात पांढऱ्या चौथऱ्यावर चार वाडगे मांडलेले असतात. त्यांच्या अंगावर राखेचे हिरवट ओघळ असतात, कुठे ज्वाळेने चाटल्याचा तांबूस डाग असतो. शेजारच्या चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलेले असते, की ही लाकडाच्या भट्टीत भाजलेली स्टोनवेअरची भांडी आहेत. किंमत चार आकडी, क्वचित पाच आकडी. रसिक हलक्या आवाजात बोलतात, भांडे दोन्ही हातांनी उचलतात, जपानचे नाव निघते. त्याच वेळी नागपूरच्या रस्त्याकडेला, मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, एक बाई माठांच्या राशीशेजारी बसलेली असते. आपण मोटारीची काच खाली करून विचारतो, “माठ कितीला दिला?” तिने आकडा सांगितला, की आपण निम्मा सांगतो.

दोघांचीही माती तीच, चाक तेच आणि विस्तवही तोच. मग एक ‘आर्टिस्ट’ आणि दुसरा केवळ ‘इतर मागासवर्गीय’, हा भेद आला कुठून? शासनाच्या यादीत कुंभाराची जात सापडते. कलेच्या इतिहासात त्याचे नाव सापडत नाही.

स्टुडिओत बसून भांडी घडवणाऱ्यांशी आमचे मुळीच भांडण नाही, हे आरंभीच स्पष्ट करतो. सुशिक्षित घरातील तरुण-तरुणी गलेलठ्ठ नोकरी सोडून चिखलात कोपरापर्यंत हात घालतात, ही अभिनंदनीयच गोष्ट होय. आमचे भांडण आहे ते त्यांच्या आणि कुंभाराच्या मध्ये उभ्या केलेल्या भिंतीशी, आणि ती भिंत आपलीच समजून तिला दरवर्षी रंगसफेदी करणाऱ्या आपल्या समाजाशी.

ज्या स्टोनवेअरचे एवढे अप्रूप, ते काय आहे हे आधी पाहू. आजीच्या फडताळात वरच्या कप्प्यावर बसलेली, वरून तपकिरी आणि खालून पिवळसर पांढरी, तोंडाला फडके बांधलेली लोणच्याची बरणी आठवावी. ती स्टोनवेअरचीच. आपण तिला सरसकट ‘चिनी मातीची’ म्हणत आलो, एवढेच. अशा बरण्या ज्या सौराष्ट्रातून देशभर गेल्या, तिथल्या थानगड येथे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात मातीकामाचा कारखाना उभारणारे परशुराम गणपुले मराठी होते, हे किती मराठी घरांना ठाऊक आहे? तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याचे नाव आपण स्वदेशीच्या इतिहासात घेतो, ते योग्यच. पण स्वयंपाकघरातल्या बरणीकडे मात्र कोणी त्या नजरेने पाहिले नाही.

योग्य माती साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली, की तिच्यातला काही अंश काचेसारखा वितळतो, कण एकमेकांत मुरतात आणि भांडे दगडासारखे घट्ट होते. पाणी पाझरत नाही, आंबट-खारट मुरत नाही. ही भाजणी लाकडावर केली तर आणखी एक गोष्ट घडते. धगीच्या ओढीबरोबर राख भट्टीभर उडते आणि भांड्यांवर बसते. तिच्यातला चुना आणि पालाश मातीतल्या सिलिकेला वितळवतो आणि कोणी हात न लावता भांड्यावर झिलई चढते. भट्टीच्या तोंडाशी असलेल्या भांड्यावर ती दाट, मागच्यावर विरळ. हवा कमी पडली तर रंग एक, जास्त झाली तर दुसरा. जपानमधील बिझेन येथे पाइनचे लाकूड घालून दहा-दहा, चौदा-चौदा दिवस रात्रंदिवस जाळ चालू ठेवतात, तो यासाठीच. राखेराखेतही फरक आहे. भंडारा-गोंदियाच्या भातगिरण्यांबाहेर धानाच्या तुसाचे ढीग पडलेले असतात. त्या तुसाच्या राखेत सिलिका भरपूर असते, म्हणून ती झिलईला दुधाळ पांढरेपणा देते. जपानी कुंभार नेमकी अशीच राख वापरून जगभर नाव मिळवतो.

आता या विषयावरील इंग्रजी लेखनात जागोजाग भेटणाऱ्या एका गृहीतकाकडे वळू. चीन, कोरिया, जपान यांनी उच्च तापमानाची भांडी केली. भारताचा कुंभार मात्र सातशे-नऊशे अंशांच्या पलीकडे गेला नाही. सबब तो तंत्राने मागासलेला. या न्यायनिवाड्याला उत्तर देण्यासाठी पुराणातील दाखल्यांची गरज नाही. नागपूर जिल्ह्यातील पारशिवनी तालुक्यात, पेंच नदीच्या काठी, नायकुंड नावाचे गाव आहे. १९७८ ते १९८० या काळात डॉ. शां. भा. देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी तेथे उत्खनन केले. त्यात इसवी सनपूर्व सातव्या शतकाच्या सुमाराची, लोखंड गाळण्याची भट्टी निघाली. लोहदगडातली मळी वितळून वेगळी व्हायची, तर बाराशे अंशांच्या आसपास धग लागते. म्हणजे सव्वीसशे-सत्तावीसशे वर्षांपूर्वी विदर्भातल्या माणसाला ती उष्णता साधत होती, भात्याने हवा देऊन तो ती टिकवत होता. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा येथील शिळावर्तुळांत पुरलेली काळी-तांबडी भांडी याच लोकांची. एकाच भांड्याचा एक भाग काळा आणि दुसरा तांबडा राहावा, यासाठी भट्टीतल्या हवेवर हुकमत लागते. या लोकांना आग कळत नव्हती असे म्हणणाऱ्याने एकदा ती भांडी पाहून यावीत.

मग त्यांनी घागरी बाराशे अंशांवर का भाजल्या नाहीत? एक कारण मातीचे. आपली कापसाची काळी माती फुगते, आक्रसते, तडकते. मोठ्या धगीला ती टिकत नाही. तशी माती लागते ती कोळशाच्या थरांबरोबर सापडणाऱ्या अग्निरोधक मातीसारखी, आणि ती आपल्याकडे चंद्रपूरच्या बाजूला आहे. पण मुख्य कारण वेगळे आहे. काचेसारख्या घट्ट झालेल्या घागरीत पाणी गार होत नाही. कमी भाजलेल्या माठाच्या अंगातून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि ती आतली उष्णता घेऊन जाते. विदर्भाच्या उन्हाळ्यात कोणती घागर शहाणपणाची, हे सांगायला कलासमीक्षक नको. शिवाय आपल्या आचारात मातीचे भांडे पुन्हापुन्हा धुऊन वापरण्याचे नव्हे. घटस्थापनेचा घट, संक्रांतीची सुगडी, दिवाळीची पणती, अंत्ययात्रेपुढचे मडके, ही सर्व एकदाच वापरून मातीला परत द्यायची. हजार वर्षे न विरघळणारे भांडे करणे हे तिथे कौशल्य ठरत नाही, अडचण ठरते. जिथे माणसाची गरज वेगळी तिथे त्याचे तंत्र वेगळे, एवढी साधी गोष्ट मागासलेपणाच्या तराजूत का तोलावी?

हा तराजू साहेबाने आणला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय १८५७ साली सुरू झाले. तेथे जॉर्ज टेरी यांनी १८७० च्या दशकात मातीकामाचा विभाग काढला, सिंधच्या कुंभारांची झिलई मुंबईत आणली आणि अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली नक्षी भांड्यांवर चढवली. ती भांडी विलायतेत नावाजली गेली. बुडाशी शिक्का विद्यालयाचा, ग्रंथांत नाव टेरीसाहेबांचे. चाकावर बसलेल्या माणसाचे नाव कुठेच नाही. याच व्यवस्थेने ‘फाइन आर्ट’ आणि ‘क्राफ्ट’ अशा दोन पंगती मांडल्या. चित्रकार आतल्या पंगतीला, कुंभार-सुतार ओसरीवर. आनंद कुमारस्वामींनी १९०९ साली भारतीय कारागिरावर स्वतंत्र पुस्तक लिहून या विभागणीला आव्हान दिले. आपण त्यांची जयंती-पुण्यतिथी करतो की नाही ठाऊक नाही. पंगती मात्र तशाच चालू आहेत.

आणि ही विभागणी त्या समाजात रुजली, ज्या समाजात कुंभाराने संतांची परीक्षा घेतली होती! तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणे हातात घेऊन जमलेल्या संतमंडळींच्या डोक्यावर थापटी मारत कच्चे मडके कोणते, पक्के कोणते हे पाहिले आणि नामदेवरायांना कच्चे ठरवले. ही कथा प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. कुंभाराचे हत्यार हे तिथे ज्ञानाचे साधन आहे आणि त्याच्या धंद्याची भाषा हीच अध्यात्माची भाषा आहे. याहून मोठी प्रतिष्ठा कोणत्या अकादमीने दिली आहे?

जपानची गोष्ट येथे मुद्दाम सांगायला हवी, कारण आमचे कलारसिक जपानचे नाव घेतात आणि नेमका धडा विसरतात. बर्नार्ड लीच हा इंग्रज जपानात मातीकाम शिकला. १९२० साली शोजी हामादाला बरोबर घेऊन त्याने इंग्लंडात सेंट आइव्हज येथे भट्टी उभारली आणि पुढे जगभरच्या स्टुडिओ पॉटरीचा तो कुलगुरू ठरला. त्याच सुमारास, १९१९ मध्ये, सरदार गुरचरणसिंग हा भारतीय तरुणही जपानात मातीकाम शिकायला गेला होता. लीच आणि हामादा यांच्या परिचयाच्या वर्तुळात तोही होता. परत येऊन त्याने दिल्लीत भांडी केली, पुढे ‘दिल्ली ब्लू पॉटरी’ काढली आणि त्याला १९९१ साली पद्मश्री मिळाली. तरी आपल्याकडची मांडणी लीचपासून सुरू होते. असो. मुद्दा जपानचा आहे. जपानने सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणासाठी १९५० साली कायदा केला. त्या कायद्याखाली १९५५ मध्ये हामादाला आणि १९५६ मध्ये बिझेनच्या कानेशिगे तोयो याला राष्ट्राचा जिवंत ठेवा म्हणून मान दिला. कानेशिगे हा पिढीजात कुंभार घराण्यातला. युद्धात बेचिराख झालेले राष्ट्र पायावर उभे राहत असताना आपल्या कुंभाराला शोधून त्याच्या गळ्यात हार घालते. त्याच काळात आपण स्वतंत्र होऊन काय केले? त्याच्या हातात जातीचा दाखला दिला.

आपल्या विदर्भाने ही वाट अगदीच पाहिली नाही असे नाही. नागपूरपासून दीड-दोन तासांवर सेवाग्राम आहे. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ साली तेथे नई तालीमच्या मुलांना कला शिकवायला आले आणि १९६२ पर्यंत राहिले. त्या काळात त्यांनी मातीकामही केले. भारतातील आरंभीच्या स्टुडिओ पॉटरांत त्यांची गणना होते. २०११ साली ते गेले. पुढे चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभारला आणि कुंभारांना बरोबर घेऊन माती, झिलई, भट्टी यांवर काम केले. देवीप्रसाद पुढे लंडनला जाऊन युद्धविरोधी चळवळीचे काम पाहू लागले. त्या विचाराशी आमचे मतभेद जगजाहीर आहेत आणि ते लपवण्याचे कारण नाही. परंतु कुंभाराच्या चाकाला शाळेत स्थान दिले पाहिजे, हे त्यांनी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी ओळखले, याचे श्रेय त्यांना न देणे कोत्या मनाचे ठरेल. प्रश्न असा आहे, की देवीप्रसादांवर २०१० साली दिल्लीत मोठे प्रदर्शन भरले; नागपूर-वर्ध्यात त्यांचे नाव किती चित्रकला-विद्यार्थ्यांना ठाऊक आहे?

भिंत पाडता येते याचा जिवंत पुरावाही आपल्याच राज्यात आहे. ब्रह्मदेव राम पंडित हे बिहारमधील कुंभार कुटुंबातले. मुंबईजवळ भाईंदरला त्यांनी स्टुडिओ थाटला, उच्च तापमानाच्या झिलईदार भांड्यांत नाव कमावले आणि २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पिढीजात हात आणि आधुनिक भट्टी यांच्यात मुळात वैर नाही. वैर असलेच तर ते पाहणाऱ्याच्या डोळ्यात आहे.

आता जरा घरात डोकावू. हा लेख वाचणाऱ्या कुटुंबांनी आपले शोकेस उघडून पाहावे. पाहुणे आले की निघणारा तो नाजूक, उजेडात धरला तर बोटांची सावली दिसणारा कपांचा संच ‘बोन चायना’ असेल, तर त्या नावातला ‘बोन’ हा अलंकार नाही. इंग्रजांनी ही माती बनवली ती गुराढोरांची हाडे जाळून, त्यांची राख निम्म्याच्या आसपास मिसळून. गोरक्षणावरील बैठक संपल्यावर चहा कशातून दिला गेला, हे ज्याने त्याने आठवावे! हीच गोष्ट गणपतीची. नागपूरच्या चितार ओळीतले मूर्तिकार वर्षानुवर्षे मातीची मूर्ती घडवत आले. त्यांच्यासमोर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साच्यातील झगमगीत मूर्तींचे ट्रक येऊन उभे राहिले, ते कोणा परधर्मीयाने आणले म्हणून नव्हे, तर आपल्याला तिप्पट उंचीचा बाप्पा निम्म्या किमतीत हवा होता म्हणून. बंदीचे परिपत्रक, न्यायालयाचा आदेश, पुन्हा सवलत, हा खेळ २०२० पासून चालू आहे. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने अशा मूर्ती बनवण्यास मोकळीक दिली, विसर्जन मात्र नैसर्गिक जलाशयांत नको असे सांगितले. पण ज्या घराने मातीचीच मूर्ती आणायची असे ठरवले, त्याला कोणत्या न्यायालयाची वाट पाहावी लागते?

स्वदेशी जागरण मंचाची स्थापना १९९१ साली याच नागपुरात झाली. दत्तोपंत ठेंगडी आमच्या आर्वीचे. भारतीय मजदूर संघ विश्वकर्मा जयंती हाच श्रमिकांचा दिवस मानतो. संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने २०२५ मध्ये पंच परिवर्तनाचा विषय घरोघर गेला. स्वबोध, समरसता आणि पर्यावरण ही त्यांतली तीन सूत्रे एका माठात एकत्र सापडतात. तरीही समरसतेच्या कार्यक्रमात कुंभार बंधूंना व्यासपीठावर बोलावून नारळ देणे आणि दुसऱ्या दिवशी स्टीलचा वॉटर-फिल्टर विकत घेणे, असा आपला क्रम असेल, तर कुंभाराने त्या नारळाचे करायचे काय?

सरकार काहीच करत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. खादी आयोगाने २०१८ पासून कुंभारांना विजेची चाके दिली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत कुंभार आहे. अवजारांसाठी पंधरा हजार आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख असे कर्ज मिळते. रेल्वे स्थानकांवर मातीचे कुल्हड यावेत म्हणून आपल्या नितीन गडकरींनी २०१९ मध्ये रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहिले. तत्पूर्वी २००४ मध्ये लालूप्रसादांनीही तीच घोषणा केली होती. कुल्हडावर सर्वपक्षीय एकमत आहे, यात आनंदच मानायचा. पण या सर्व योजनांत एक उणीव राहिली आहे. त्या चाकावर थांबतात. कुंभाराचे खरे दुखणे चाक नाही, भट्टी आहे. चाक विजेचे झाले तरी आवा तोच राहतो, उघड्यावर रचलेला, पाऊस आला की बुडणारा, दर खेपेला काही भांडी फुटून वाया जाणारा. शहर वाढले, कुंभारवस्तीच्या चारी बाजूंनी इमारती आल्या; धुराची तक्रार होते आणि पिढ्यान्‌पिढ्या जिथे आवा लागला तिथे तो बंद करावा लागतो. तक्रार करणाराही चुकत नाही, धूर त्याच्या लेकराच्या नाकात जातो. पण मग पर्यायी जागा कोणी द्यायची?

लाकूड जाळण्यावर आक्षेप येईल, तो आधीच घेऊन टाकू. सागवान तोडून भट्टी लावा असे कोणी म्हणत नाही. आरागिरण्यांचे तुकडे आहेत, सुबाभूळ आहे, बांधावरची बाभूळ छाटावीच लागते. उच्च तापमानाची सामायिक भट्टी वर्षातून दोन-तीनदाच लागते आणि नीट बांधलेली, धुराडे असलेली भट्टी पूर्ण पेटली की उघड्या आव्यापेक्षा कमी धूर सोडते. वीजनिर्मितीसाठी डोंगराएवढा कोळसा जाळणाऱ्या जिल्ह्यांत कुंभाराच्या चार मोळ्यांवर पर्यावरणाचे प्रवचन झोडणे शोभत नाही.

आणि शिक्षण? कुंभाराच्या मुलाला कलामहाविद्यालयात प्रवेश मिळू शकतो. त्याच्या बापाला तेथे शिकवता येत नाही, कारण पदवी नाही. चाळीस वर्षे चाकावर घालवलेला हात वर्गात विद्यार्थ्यासमोर उभा राहायला अपात्र! राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये कलावंत आणि कारागीर यांना महाविद्यालयांत सामावून घेण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि हे दार किलकिले केले. ते ढकलून पूर्ण उघडायचे काम प्राचार्यांचे, विद्यापीठाच्या अधिसभेचे आणि तेथे निवडून जाणाऱ्या आपल्याच कार्यकर्त्यांचे आहे. मेळ्यातल्या मंडपात कुंभाराला चाक फिरवायला बसवून मुलांना ‘बघा बघा’ दाखवणे पुरे झाले.

आमची मागणी छोटी आहे. नागपूर शहराबाहेर एक एकर जागा. भद्रावतीकडची अग्निरोधक माती. अग्निविटांची, दोन कप्प्यांची लाकडी भट्टी आणि तिला छप्पर. खर्च शासन, महापालिका आणि स्वदेशीचे नाव घेणाऱ्या संस्था यांनी वाटून घ्यावा. शासकीय चित्रकला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी तेथे सत्रभर काम करावे आणि तीन-चार कुंभारांना मानधनावर गुरू म्हणून नेमावे. पहिली भट्टी लागेल तेव्हा खालच्या धगीच्या कप्प्यात माठ आणि रांजण, वरच्या धगीच्या कप्प्यात बरण्या आणि विद्यार्थ्यांची भांडी अशी एकत्र रचावीत. भांड्याच्या बुडाशी ते घडवणाऱ्याचे नाव असावे. आणि पुढचे लाकूड कधी टाकायचे, हे कुंभाराने ठरवावे.